थारोळ्याचा दगड

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी लिही म्हणाले तेव्हा मला आधी आमचे इतिहासाचे सरच आठवले. नववीत असताना त्यांनी आम्हाला चाळीसगावहून पाटणादेवीला नेलं, आम्हाला वाटलं ट्रिप आहे, दशम्या-चटणी बांधून निघालो. दर्शन झाल्यावर सरांनी शिलालेखासमोर बसवलं. शके 1128 चा, म्हणजे 1206-07 च्या आसपासचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याला दिलेल्या दानाचा. बराचसा संस्कृत, पण पुढे चक्क जुनी मराठी, सरांनी "इयां पाटणीं" असं बोट ठेवून वाचलं आणि अंगावर काटाच आला. एकाने विचारलं, म्हणजे सर, भास्कराचार्य जन्मले पण इथेच ना? सर म्हणाले, दगड नातवाच्या मठाचं सांगतोय, आजोबांच्या जन्माचं नाही, तो सांगतो तेवढंच घ्यायचं.

याच पाटण्याला उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडलेत, एका तुकड्यावर तर रेघांची नक्षी, साधारण 25,000 वर्षांपूर्वीची. तेव्हा लिपीच नव्हती, मग वस्तू, ती कुठल्या थरात सापडली ते आणि कार्बनची तपासणी, यावरच सगळं.

नंतर सरांनी गृहपाठ दिला, आपल्या घरातल्या एका गोष्टीचे पुरावे आणा, लेखी, वस्तू आणि तोंडी. मी मळ्यातली विहीर घेतली. आजी म्हणाली, "हाई इहीर दुष्काळमा खंदेल शे", म्हणजे 72 ला. थारोळ्याच्या, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या कुंडीच्या, दगडावर मात्र 1965 कोरलेलं! मी वहीत लिहिलं, आजीचं चुकलं. सरांनी ते खोडलं आणि म्हणाले, परत जा, काय खणलं ते विचार. तर 72 ला पाणी आटलं म्हणून सुरुंग लावून विहीर अजून सहा हात खोल नेली होती, आजोबांचा हात तेव्हाच भाजला, आणि त्या उन्हाळ्यात अर्धं गाव आमच्याकडून पाणी भरायचं. सातबाऱ्यावर नुसतं "विहीर" एवढंच होतं. आजीला विचारलं नसतं तर हे कुठेच सापडलं नसतं, आणि दगड नसता तर मी विहीर 72 चीच धरली असती.

आता ती विहीर बुजवली, बोअर आहे. दगड मी उचलून ओट्याला लावलाय आणि आजीचं बोलणं तेव्हाच्या वहीत आहे, सरांच्या लाल शाईच्या खुणेसकट. परवा मुलीने विचारलं, 65 म्हणजे काय पप्पा, तर मी ती वहीच काढून दिली.