ट्रंकवाल्याचं घर

आमच्या वाईच्या घरात ओसरी ओलांडली की डाव्या हाताला कारखाना आणि उजव्या हाताला स्वयंपाकघर. अण्णा सुतार, आजोबाही सुतार. रंध्याचा आवाज थांबला की ताटं घ्यायची, हे आम्हा भावंडांच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे पॅरिसला धाकट्या भावाकडे जायचं ठरलं तेव्हा मी त्याला आधीच बजावलं होतं, आयफेल टॉवर राहिला तरी चालेल, पण आनिएरला न्यायचंच.

"ताई, तिथे काय आहे?"

"ट्रंका करणाऱ्याचं घर. घरालाच लागून कारखाना. आपल्यासारखा."

हा ट्रंकवाला म्हणजे लुई व्हिटॉन, ज्याच्या नावाच्या महागड्या बॅगा आज जगभर विकल्या जातात. १८५९ साली त्याने पॅरिसच्या वायव्येला, सीन नदीकाठच्या आनिएरमध्ये कारखाना काढला आणि तिथेच कुटुंबासाठी घर बांधलं. कारखाना आजही चालू आहे. एरवी आत जाता येत नाही, पण काही वर्षांनी एकदा, दोनचार दिवसांपुरते दरवाजे सगळ्यांसाठी उघडतात. आमचं नशीब चांगलं होतं. भावाने ऑनलाइन नावं घातली आणि आमचा नंबर लागला.

सँ-लाझार स्टेशनवरून लोकल पकडली. दहा मिनिटांत गाडी नदीवरच्या पुलावर आली आणि लुईने हीच जागा का निवडली ते खिडकीतूनच समजलं. ट्रंकेसाठी लागणारं पॉप्लरचं लाकूड पडावांतून नदीने यायचं आणि तयार माल याच रेल्वेने पॅरिसला जायचा. दुकान सँ-लाझारपासून चालत जाण्यासारखं. कच्चा माल एका वाटेने, पक्का दुसऱ्या. लाकूडकाम करणाऱ्या माणसाने जागा घ्यावी तर अशी.

लुईचा जन्म १८२१ चा, जुरा डोंगराळ भागातल्या आँशे नावाच्या खेड्यातला. तेराचौदा वर्षांचा असताना तो घर सोडून पायी निघाला. पॅरिस चारशे किलोमीटरहून लांब. वाटेत मिळेल ते काम करत दोन वर्षांनी, १८३७ मध्ये, तो तिथे पोचला आणि मारेशाल नावाच्या पेटीवाल्याकडे उमेदवारीला लागला. त्या काळी तिथे एक वेगळाच धंदा होता. श्रीमंतांच्या घरी जायचं, त्यांच्या सामानाच्या मापाने लाकडी पेट्या करायच्या आणि त्यात ते सामान नीट भरूनही द्यायचं. लुईचा हात इतका बसला की पुढे तिसऱ्या नेपोलियनची राणी युजेनी हिचे घेरदार पोशाख भरायचं काम त्याच्याकडे आलं. १८५४ मध्ये त्याने स्वतःचं दुकान काढलं.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. पेटी करणारा माणूस आधी पेटी भरणारा होता. तोवर ट्रंकांची झाकणं घुमटासारखी असत, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जावं. पण अशा ट्रंका एकावर एक रचता येत नाहीत. आगगाडी आणि आगबोटीचे दिवस आले होते, सामानाच्या थप्प्या लागत होत्या. लुईने १८५८ मध्ये झाकण सपाट केलं आणि पाणी अडवायचं काम वर चिकटवलेल्या राखाडी कॅनव्हासवर सोपवलं. इतकी साधी युक्ती! पण ती सुचायला आयुष्याची वीस वर्षं दुसऱ्यांचं सामान भरण्यात घालवलेली असावी लागतात.

घर बाहेरून साधंच वाटलं. दिवाणखान्यात पाऊल टाकलं आणि आम्ही दोघं गप्प झालो. ही सजावट पुढच्या पिढीच्या काळातली, आर नूव्हो शैलीतली. रंगीत काचांच्या खिडक्या, त्यांत फुलं आणि वेली, भिंतींवर आणि लाकडावरही तीच वळणं. ऊन काचांतून जमिनीवर उतरलं होतं. लुईच्या मुलाची, जॉर्जची बायको जोसेफीन १९६४ पर्यंत या घरात राहत होती. म्हणजे खिडकीपलीकडचा ठोकाठोकीचा आवाज तिने किती वर्षं ऐकला असेल! माझ्या आईलाही तो आवाज नसला की घर रिकामं वाटतं.

जुन्या फोटोंपैकी एकापाशी मी बराच वेळ उभी होते. १८८८ च्या सुमाराचा, याच अंगणातला. सामानाची घोडागाडी, भोवती कारागीर, म्हातारा लुई, त्याचा मुलगा जॉर्ज आणि उघडून पलंग होणाऱ्या एका ट्रंकेवर आडवा झालेला नातू, गास्ताँ. पाच वर्षांचं पोर. मीही त्या वयात अण्णांच्या अर्धवट झालेल्या दिवाणांवर अशीच लोळलेय, केसांत भुसा घेऊन. कारखान्याच्या घरातली मुलं कुठलीही असोत, त्यांच्या दुपारी अशाच जातात.

इथे यायचं आणखी एक कारण मी मनात धरून होते. १९२६ साली व्हिटॉनकडे बडोद्याच्या महाराजांसाठी चहाची एक पेटी खास बनवली गेली होती, चहाचा सगळा सरंजाम प्रवासात बरोबर नेता येईल अशी. महाराज म्हणजे आपले सयाजीराव, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेले. जुराच्या खेड्यातून पायी आलेल्या पोराचा कारखाना आणि कवळाण्याच्या पोराचा चहा. भावाला हे सांगताना माझा आवाज जरा चढलाच. बाजूच्या फ्रेंच आजीबाई वळून हसल्या.

मग कारखाना. लोखंड आणि काचेचा, भरपूर उजेडाचा. कामाला उजेड हवा, हे अण्णांचं वाक्य मला तिथे दारातच ऐकू आलं. चामड्याचा, गोंदाचा आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा वास. आता इथे मुख्यतः खास ऑर्डरचं काम आणि कडक बांध्याच्या ट्रंका होतात.

एक बाई ट्रंकेच्या कडेला पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकत होती. हातोडी लहान, डोकं अरुंद. चूक जागेवर धरायची, एक हलका टोला, चूक उभी राहिली की बोट बाजूला, मग दुसरा टोला. टक्, टक्. पुढची. मध्ये पट्टी नाही, खूण नाही, तरी दोन चुकांमधलं अंतर डोळ्यांना कुठेही वेगळं दिसेना. एक चूक जरा तिरकी गेली. तिने ती उपसली, भोकावरून अंगठा फिरवला आणि नवी घेतली. मी नकळत मान हलवली. तिने पाहिलं आणि तिनेही हलवली. भाषेची अडचण आली नाही.

कुलुपांचंही दाखवलं. १८९० मध्ये त्यांनी आपल्या कुलुपाचं पेटंट घेतलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला आपला क्रमांक, त्याच्या सगळ्या ट्रंका एकाच किल्लीने उघडणार. जॉर्जने तर जादूगार हुडिनीला उघड आव्हान दिलं होतं, आमच्या पेटीतून सुटून दाखव.

पण माझं लक्ष झाकणाकडे होतं. मागच्या बाजूला मी बिजागरी शोधत होते आणि ती सापडेना. कारागिराने हसत झाकण वर केलं, खाली केलं. तिथे धातू नव्हताच. झाकण आणि पेटी जोडणारी कॅनव्हासची सलग पट्टी होती, तीच वाकत होती.

रात्री अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. राणी, महाराज, रंगीत काचा, सगळं सांगून झालं. ते हूं हूं करत होते.

"अण्णा, आणि बिजागरी कापडाची आहे. आख्ख्या लांबीची एकच पट्टी."

ते थांबले. चष्मा वर सरकवला.

"कापडाची? मग उघडताना आवाज येत नसेल."

"नाही येत."

"आणि गंज नाही." परत थोडा वेळ गेला. "पट्टी आतूनही लावलीय का गं, का नुसती बाहेरून? फोटो काढलायस?"