ऑर्किड बियांपासून घरी वाढवायचंय? मग आधी सामानाचं बोलू

झाडावर ऑर्किडची शेंग धरली की पहिला प्रश्न हाच येतो, आता काय काय लागणार आणि ते आणायचं कुठून. नेटवर शोधायला गेलं की समोर येतात लॅबच्या याद्या, ऑटोक्लेव्ह, लॅमिनार फ्लो, मॅग्नेटिक स्टरर, आणि ते बघून कितीतरी लोक तिथेच हात टेकतात. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण यातलं बरंचसं सामान स्वयंपाकघरात, औषधाच्या दुकानात नाहीतर ॲक्वेरियमच्या दुकानात मिळून जातं, फक्त कोणती वस्तू कशासाठी लागते हे डोक्यात पक्कं पाहिजे. ते एकदा कळलं की कुठे साध्या वस्तूवर भागतं आणि कुठे अजिबात भागत नाही हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

त्यासाठी थोडं मागचं सांगते. ऑर्किडचं बी म्हणजे अक्षरशः धूळ. एका शेंगेत हजारो, काही प्रजातींत तर लाखो बिया असतात, पण एकाही बीसोबत शिदोरी नसते. हरभऱ्याच्या नाहीतर मक्याच्या दाण्यात रोपाला सुरुवातीचे दिवस पुरेल एवढं अन्न भरलेलं असतं, ऑर्किडच्या बीत नुसता भ्रूण आणि त्याभोवती पातळ जाळीदार कवच. रानात योग्य ती बुरशी भेटली तरच ही बी रुजते, ती बुरशीच तिला अन्न पुरवते. फ्रान्सचे नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हे बुरशीचं नातं ओळखलं आणि पुढे अमेरिकेत लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिलं की बुरशी नसली तरी चालतं, माध्यमात, म्हणजे बी ज्यावर रुजवतात त्या पोषक जेलीत, सरळ साखर घातली की बी रुजते. आपण घरी जे काही करतो ते सगळं या साखरेवर उभं आहे आणि सगळी डोकेदुखीही तिथूनच सुरू होते, कारण साखरेचं ओलं माध्यम हवेतल्या प्रत्येक बुरशीला आणि बॅक्टेरियाला हवंच असतं. ऑर्किडला रुजायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात आणि बुरशीला दोन-तीन दिवस पुरतात. म्हणून यादीतल्या बहुतेक वस्तू बी वाढवण्यासाठी नसतातच, बाकी काही वाढू नये म्हणून असतात.

सगळ्यात आधी बी, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. ऑनलाइन निळ्याजांभळ्या फुलांचे फोटो लावून ऑर्किडच्या बिया म्हणून पाकिटं विकली जातात आणि आत मोहरीएवढे दाणे निघतात. दाणा बोटाच्या चिमटीत धरता येत असेल तर ते ऑर्किड नाही, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पैसे वाचतात. पाकिटावर 'कुंडीतल्या मातीत पेरा, पाणी घाला' असं लिहिलेलं असेल तरी समजून जा. (व्हॅनिलासारख्या थोड्या प्रजातींच्या बिया बऱ्याच मोठ्या आणि कडक कवचाच्या असतात, पण तो अपवाद.) खात्रीचं बी दोनच ठिकाणी मिळतं, एक आपल्या स्वतःच्या झाडावर हाताने परागीकरण करून आणि दुसरं म्हणजे ऑर्किड लावणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून किंवा ऑर्किड सोसायट्यांच्या बीज-देवाणघेवाणीतून. रानातल्या झाडाची शेंग तोडून आणू नका, कायद्याचा प्रश्न तर आहेच पण त्याहीपेक्षा त्या शेंगेवर त्या जागेचा हक्क जास्त आहे असं मला मनापासून वाटतं. परदेशातून मागवत असाल तर सगळ्या ऑर्किडना साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार, लागू होतो हे माहीत असू द्या. त्या कराराच्या परिशिष्ट दोन या यादीतल्या प्रजातींच्या बिया आणि शेंगा त्यातून वगळलेल्या आहेत, पण वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, आयात परवाना हे विषय वेगळे आणि ते प्रत्येक देशाचे आपापले.

बी हातात आलं की पेरायच्या आधी बघून घ्या. त्याला मोठा मायक्रोस्कोप नको, खिशात मावणारा साठपट वाढवून दाखवणारा छोटा मायक्रोस्कोप पुरतो. काचेवर चिमूटभर बी, त्यावर पाण्याचा एक थेंब, आणि खालून उजेड. बीचं कवच जवळजवळ पारदर्शक दिसतं, लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं, आणि त्याच्या बरोबर मध्ये एक गच्च अंडाकृती ठिपका असतो, पिवळसर किंवा तपकिरी. तो ठिपका म्हणजे भ्रूण. ठिपका नसलेली नुसती रिकामी कवचंच दिसली तर ते बी कितीही ताजं असू दे, रुजणार नाही. संकरित झाडांच्या शेंगेत असं खूप दिसतं, शेंग बाहेरून छान टपोरी आणि आत सगळा भुसा. हे पाच मिनिटांचं काम पुढचे कित्येक महिने वाचवतं, म्हणून माझ्या यादीत हा मायक्रोस्कोप ऐच्छिक नाहीच. लगेच पेरायचं नसेल तर बी कागदाच्या पाकिटात घालून, पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलसोबत ठेवून फ्रिजमध्ये ठेवा, साधारण ४-५ अंशाला. प्लास्टिकच्या पिशवीत तसंच ओलसर ठेवलं तर बुरशी धरते.

शेंग आपल्याच झाडावर असेल तर अजून एक फायदा. न फुटलेल्या हिरव्या शेंगेच्या आत बी निर्जंतुकच असतं, त्यामुळे फक्त शेंग बाहेरून स्वच्छ करायची आणि निर्जंतुक ब्लेडने कापून बी सरळ माध्यमावर सोडायचं. फॅलेनोप्सिस या ऑर्किडची शेंग साधारण चार महिन्यांनंतर अशी वापरता येते, बाकी प्रजातींचा काळ वेगवेगळा. नवीन माणसाने हिरव्या शेंगेपासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, आणि ते चार महिने म्हणजे सामान जमवायला मिळालेला वेळ समजावा.

आता माध्यम. तयार पावडर घेणंच बरं, घटक सुटे मोजत बसू नका, त्यातले काही मिलिग्रॅममध्ये लागतात आणि तेवढं मोजणारा काटा घरी नसतो. नुडसन सी हे जुनं, साधं आणि भरवशाचं. मुराशिगे-स्कूग म्हणजे एमएस सगळीकडे मिळतं पण ते ऑर्किडसाठी जड पडतं, अर्ध्या ताकदीचं वापरतात. टिश्यू कल्चरचं सामान विकणाऱ्यांकडे एक लिटरची पाकिटं मिळतात, तीच घ्या आणि एक पाकीट एका वेळी पूर्ण वापरा, कारण पावडरचे घटक पाकिटात सारखे मिसळलेले राहतीलच असं नाही आणि उघडलेलं पाकीट हवेतला ओलावा ओढून दगड होतं. एक लिटरमध्ये ५० मिलिलिटरच्या वीस बरण्या होतात, घरच्या कामाला भरपूर झाल्या. घेताना एकच विचारायचं, यात साखर आणि अगार (माध्यम घट्ट करणारी पावडर) आहे का. नसेल तर साधी घरातली साखर लिटरला २० ग्रॅम आणि अगार ६ ते ८ ग्रॅम. किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं ते अगारच, फक्त पाकिटावर साखर, रंग, स्वाद काही घातलेलं नाही ना ते वाचा, आणि ते कधी घट्ट जमतं कधी सैल, म्हणून आधी कपभर करून बघा. जिलेटिन मात्र नको, ते उबदार हवेत वितळतं. पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं.

पीएच, म्हणजे माध्यम किती आम्लधर्मी आहे त्याचा आकडा, ही गोष्ट लोक सोडून देतात आणि मग माध्यम जमलंच नाही म्हणून बसतात. ५.२ ते ५.८ च्या मध्ये पाहिजे, फार आम्लधर्मी झालं तर अगार घट्ट होतच नाही. १ ते १४ दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या इथे काहीच कामाच्या नाहीत, त्यात पाच आणि सहा सारखेच दिसतात. अर्ध्या अर्ध्या अंकाचा फरक दाखवणाऱ्या कमी रेंजच्या पट्ट्या घ्या किंवा पेनासारखा मीटर, पण मीटर घेतलात तर ४ आणि ७ चं कॅलिब्रेशन सोल्युशनही (मीटर जुळवून घ्यायचं पाणी) सोबत घ्याच, नाहीतर तो काय आकडा सांगतोय त्याला अर्थ नाही.

निर्जंतुक करायला प्रेशर कुकर. १५ पीएसआय दाबाला आतलं तापमान १२१ अंशापर्यंत जातं, म्हणजे लॅबमधल्या ऑटोक्लेव्हइतकंच, आणि छोट्या बरण्यांना १५ ते २० मिनिटं पुरतात. दाब पूर्ण आल्यावर वेळ मोजायची आणि मग आच कमी. कुकर कितीच्या दाबाचा आहे ते त्याच्या माहितीपत्रकात असतं, कमी दाबाचा असेल तर वेळ वाढवावा लागतो. बरण्यांची झाकणं थोडी सैल ठेवायची, आणि कुकर आपोआप थंड होऊ द्यायचा, वाफ काढायची घाई केली की माध्यम उकळून झाकणापर्यंत चढतं. नुसतं पाण्यात उकळून किंवा मायक्रोवेव्हमध्ये फिरवून काम होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, बॅक्टेरियाचे बीजाणू १०० अंशाला मरत नाहीत.

बरण्यांवर मी सगळ्यात जास्त भर देईन. काचेच्या रुंद तोंडाच्या बरण्या उत्तम, जॅमच्या, लोणच्याच्या, कशाच्याही, फक्त झाकण पत्र्याचं आणि आतलं रबर धड पाहिजे. प्लास्टिक घ्यायचं तर तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेलं, ते पॉलिप्रॉपिलिन, कुकरमध्ये टिकतं. पाण्याच्या बाटल्यांचं १ आकड्याचं प्लास्टिक कुकरमध्ये आकसून वाकडंतिकडं होतं. झाकणाला एक भोक पाडायचं म्हणजे हवा जाते येते, आणि त्या भोकावर औषधाच्या दुकानात मिळणारी मायक्रोपोर टेप दुहेरी चिकटवायची किंवा ॲक्वेरियमच्या फिल्टरचा पांढरा सिंथेटिक कापूस घट्ट कोंबायचा. साधा कापूस नको, तो ओला झाला की बुरशी त्याच्यातूनच आत उतरते.

बी निर्जंतुक करायला ब्लीच घरातलं चालतं, साधारण ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं, पण बिनवासाचं, घट्ट जेलसारखं नसलेलं, आणि ताजं, कारण बाटलीत पडून पडून त्याची ताकद कमी होते. सुक्या बियांसाठी एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, साबण नसेल तर बी पाण्यावर नुसतं तरंगत राहतं आणि भिजतच नाही. ५ ते १० मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने धुवायचं. यासाठी सुई काढलेली सिरिंज फार सोयीची, तोंडाशी सिंथेटिक कापसाचा बोळा लावला की पाणी बाहेर जातं आणि बी आत राहतं. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा स्पिरिट कधीही मिसळू नका, विषारी वायू आणि रसायनं तयार होतात.

हात आणि हत्यारं पुसायला ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. ९९ टक्क्यांचं जास्त चांगलं असेल असं वाटतं पण नाही, थोडं पाणी असलं तरच ते जंतूंवर नीट काम करतं, शिवाय पटकन उडून जात नाही. लांब चिमटा आणि ऑपरेशनचं ब्लेड सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळतं.

आणि ज्याच्यावरून सगळे घाबरतात तो लॅमिनार फ्लो. हेपा म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरमधून गाळलेली हवा सारखी समोर सोडणारं ते यंत्र असतं, छान असतं, पण वर्षातून एखाददोन शेंगा पेरायला त्याची गरज नाही. कपडे ठेवायचा मोठा पारदर्शक प्लास्टिकचा बॉक्स उलटा टाका, एका बाजूला दोन हात जातील अशी भोकं पाडा, झालं. यामागचं तत्त्व सोपं आहे, हवा हलली नाही तर बीजाणू खाली बसतात आणि बरणीत पडत नाहीत. आतून स्पिरिटने पुसा, सामान ठेवा, दहा-पंधरा मिनिटं काही करू नका, मग हातमोजे घालून काम सुरू करा, हात हळू, बरणीचं झाकण पूर्ण बाजूला न ठेवता तिरकं वर धरून बी सोडायचं आणि लगेच बंद. खोलीतला पंखा, एसी बंद. बॉक्समध्ये मेणबत्ती किंवा स्पिरिटचा दिवा अजिबात लावू नका, आत अल्कोहोलची वाफ साठलेली असते आणि ती भडकते. खोलीत ठेवायचा एअर प्युरिफायर शेजारी लावून भागेल असंही काहींना वाटतं, पण तो हवा गोल गोल फिरवतो, म्हणजे आपल्याला नको तेच करतो.

लेबलचा एक त्रास सांगून ठेवते. मार्करची शाई स्पिरिटने पुसली जाते आणि मग सगळ्या बरण्या सारख्याच दिसतात. कागदी टेपवर पेन्सिलने लिहा, प्रजाती, पेरल्याची तारीख आणि कोणतं माध्यम.

खर्च करताना एक लक्षात ठेवा, बरण्या आणि माध्यम एका फेरीपुरतं घेऊ नका. बी रुजलं की आधी हिरवे बारीक गोळे दिसतात, त्यांना प्रोटोकॉर्म म्हणतात, मग त्यांना पानं फुटतात, आणि एका बरणीत शेकड्यांनी दाटी झाली की ती नव्या बरण्यांमध्ये विरळ करून लावावी लागतात, त्याला रिप्लेट करणं म्हणतात. त्या फेरीला बरण्या कितीतरी जास्त लागतात. त्या वेळच्या माध्यमात लिटरला एक-दोन ग्रॅम ॲक्टिव्हेटेड चारकोल घालतात, मुळांमधून निघणारी तपकिरी द्रव्यं तो शोषून घेतो, आणि बरेच जण पिकलेलं केळं कुस्करून घालतात. चारकोल बारीक पावडरचाच घ्या, ॲक्वेरियममधले दाणे मिसळत नाहीत, तळाला बसतात. रोपं बरणीबाहेर काढायला अजून बराच वेळ असतो, ती लावायला लागणारं स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) आणि बारीक साल तेव्हाच आणा, आधीपासून आणून ठेवलेलं मॉस ओल लागून खराब होतं.