वाळवंटातलं स्वस्त घर की किनाऱ्यावरचं महाग?

"तुम्ही दोन्हीकडे राहिलात, मग सांगा, घर कुठे घ्यावं?" वर्षातून चार-पाच जण तरी मला हे विचारतात. बहुतेकांकडे दोन आकडे तयार असतात: वाळवंटी गावातल्या अंगणासकट तीन खोल्यांचा एक, आणि किनाऱ्यावरच्या दीड खोलीचा दुसरा. पहिला दुसऱ्याच्या निम्माही नसतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. फोनवर पाच मिनिटांत सांगितलं की काहीतरी राहून जातं, आणि घर घेणाऱ्याला ते राहून गेलेलंच पुढे महागात पडतं.

माझं उत्तर आधी सांगते. किनाऱ्यावर राहायचं तर भाड्याने राहा. विकत घ्यायचं तर वाळवंटात घ्या, पण पाणी कुठून येतं याचा कागद हातात पडल्याशिवाय इसार देऊ नका.

किनाऱ्यावरचं घर महाग असतं ते जागेमुळे. सिमेंट, सळई, गवंडी यांच्या खर्चात एवढा फरक नसतो. गावाच्या मधोमध कंपासचं टोक ठेवून वर्तुळ काढा. वाळवंटात चारही बाजूंना जमीन सापडेल, किनाऱ्यावर जवळजवळ अर्धं वर्तुळ पाण्यात जाईल. अल्बर्ट साइझ या अर्थतज्ज्ञाने 2010 साली अमेरिकेतल्या शहरांबद्दल नेमकं हेच मोजून दाखवलं. प्रत्येक शहराभोवती 50 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतलं आणि त्यातली किती जागा पाणी नि चढ-उतारांमुळे बांधायला निरुपयोगी आहे ते पाहिलं. जिथे अशी जागा जास्त, तिथे मागणी वाढली तरी नवी घरं पटकन उभी राहत नाहीत आणि भाव चढतात.

याचा अर्थ असा, की किनाऱ्यावर तुमचा पैसा मुख्यतः जागेत जातो आणि वाळवंटात बांधकामात. बांधकाम दरवर्षी झिजतं. त्यामुळे वाळवंटातल्या घराचा भाव काही वर्षांत दुप्पट होईल असं कोणी सांगत असेल, तर त्यावर विसंबू नका. शेजारच्या मोकळ्या जागेत तेवढ्याच खर्चात नवं घर उभं राहणार असेल, तर तुमच्या जुन्याला जास्त कोण देईल? ते घर घ्यायचं ते राहायला आणि कर्ज लवकर फेडून मोकळं व्हायला. आम्ही तसंच घेतलं. शेवटचा हप्ता गेला त्या संध्याकाळी गच्चीवर बसून जे स्वस्थ वाटलं, त्याची किंमत मला आजही मोठी वाटते.

पगाराचा आकडाही शेजारी मांडा. हवा-पाणी सुखाचं असलेल्या ठिकाणी लोक जास्त भाडं आणि कमी पगार दोन्ही सोसायला तयार होतात. जेनिफर रोबॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी 1982 मध्ये हे सूत्ररूपात मांडलं होतं, पण दोन गावांत नोकरी केलेल्या कोणालाही ते पटेल.

आता खाऱ्या हवेबद्दल, कारण किनाऱ्यावर घर विकत घ्यायला मी नको म्हणते ते मुख्यतः तिच्यामुळे. तिथल्या आमच्या पहिल्या घराला दुसऱ्याच वर्षी खिडकीच्या बिजागरीवर तपकिरी ठिपके आले. तिसऱ्या वर्षी एका सकाळी खिडकी उघडायला गेले, तर वरची बिजागरी हातात आली. आतला खिळा सुईएवढा बारीक झाला होता. तेव्हा वाटलं, लोखंडच हलकं असेल. पुढे गच्चीच्या कडेला छताचा एक पापुद्रा सुटून पडला, आणि दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीने आतली सळई बोटाने खरवडून दाखवली. काँक्रीट मुळात सळईला गंजू देत नाही, कारण ते अल्कधर्मी असतं. पण मिठातले क्लोराइड हळूहळू आत झिरपतात आणि सळईवरचं ते संरक्षण मोडतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडत सुटतो. बाहेरून रंग दिला की वर्षभर काही दिसत नाही, आणि घर बघायला येणाऱ्याला नेमका ताजा रंगच दिसतो!

भाडेकरूला याच घरातला वारा मिळतो, सळईचा घोर मालकाला. म्हणून म्हणते, किनारा भाड्याने बरा. तरी घ्यायचंच असेल तर पाण्यापासून थोडं आत, उंचावर, आणि कडी-कोयंडे 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ते नेहमीच्या 304 प्रतीपेक्षा खाऱ्या हवेत चांगलं टिकतं.

विजेच्या बिलाबाबत मात्र लोकांचा अंदाज हमखास चुकतो. वाळवंटात ऊन जास्त, म्हणजे बिल जास्त, असं सरसकट नसतं. 40 अंशांची हवा असेल आणि आर्द्रता 10 टक्के, तर चांगला कूलर तिला 22 अंशांच्या आसपास आणू शकतो, आणि त्याला लागतो फक्त एक पंखा, एक छोटा पंप नि पाणी. किनाऱ्यावर 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम दोन-तीन अंश उतरवतो आणि खोली आणखी दमट करतो. मग एसीला पर्याय उरत नाही. आमच्या एसीच्या नळीखाली मी बादली ठेवायचे, रात्रीत ती निम्मी भरायची. हवेतल्या वाफेचं एक लिटर पाणी करायला एसीला सुमारे 0.67 युनिट इतकी उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि तेवढ्याने खोली एक अंशानेही गार होत नाही. शिवाय वाळवंटात रात्री पारा 15-20 अंशांनी उतरतो. जाड भिंती असतील तर रात्री खिडक्या सताड उघडायच्या आणि सूर्य वर यायच्या आत बंद करायच्या. आमचं घर त्यावर दुपारपर्यंत निघायचं. पातळ भिंतींचं, काचेचं घर तिथे मोठं दिसलं तरी घेऊ नका.

आता पाणी. कूलरला ते लागतं, सौर पॅनलवरची धूळ धुवायला लागतं, आणि 250 मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो तिथेच ते सगळ्यात कमी असतं. घर दाखवणारा म्हणतो, "बोअर आहे." बोअर किती खोल, पाच वर्षांपूर्वी पाणी किती फुटांवर होतं आणि आज किती, आजूबाजूला अजून किती बोअर, हे विचारा. पाणी वर्षागणिक खाली जात असेल, तर ते घर कितीही स्वस्त मिळो, महागच. टँकरवर उभं राहिलेलं घर मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही. अंगणालगत कोरडा ओढा असेल, तर त्याच्या पात्रात प्लॉट नको. तिथे पाऊस क्वचित येतो, पण येतो तेव्हा कडक जमिनीत मुरत नाही, सगळा एका वाटेने धावतो.

किनाऱ्यावरच्या विहिरीचं गणित त्याहून नाजूक आहे. गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर ते एक मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत असतं. उपसा करून वरचा एक मीटर घालवला, की कालांतराने खालून 40 मीटर खारं पाणी वर सरकतं. पाणी मचूळ लागायला लागलं की समजायचं. आणि 1901 ते 2018 या काळात जगभरातली समुद्रपातळी सरासरी सुमारे 20 सेंटीमीटर वाढली, तीही अलीकडे जास्त वेगाने.

पुराबद्दल "शंभर वर्षांतून एकदा" असं कोणी म्हणालं तर निर्धास्त होऊ नका. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. 30 वर्षांच्या कर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता 26 टक्के होते, म्हणजे चारात एकाहून थोडी जास्त. विम्याचा हप्ता कर्जाच्या हप्त्यात मिळवूनच तुलना करा.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग तुम्ही किनाऱ्याला परत का आलात?" आईसाठी. वाळवंटात आमच्या घरापासून मोठं हॉस्पिटल दोन तासांवर होतं. तिला रात्री दम लागला, आणि त्या रिकाम्या रस्त्यावर तिचा हात धरून बसलेले दोन तास मला पुन्हा नको होते. ते घर विकलं नाही, भाड्याने दिलं आहे, आणि त्या भाड्यात इथल्या भाड्याचा साधारण तिसरा हिस्सा निघतो. तुमच्या घरात कोणी म्हातारं किंवा आजारी असेल, तर वरचं सगळं गणित नंतर करा. आधी रात्री गाडी काढून त्या घरापासून हॉस्पिटलपर्यंत एकदा जाऊन या.