बनोसा ते अचलपूर

आमच्या शाळेचं गॅदरिंग तीन दिवस चालायचं. कबड्डी, नाटुकली, बक्षिसं, सगळं व्हायचं. पण आम्ही पोट्टे वर्षभर वाट पाहायचो ती चौथ्या दिवसाची. त्या दिवशी दहावीचा वर्ग अचलपूरला सहलीला जायचा, जाताना शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेगाडीनं आणि येताना एसटीनं.

आमच्या वर्गाची पाळी १९९१ च्या जानेवारीत आली. दर्यापूरच्या स्टेशनाचं नाव बनोसा. चंद्रभागेकडून असा गार वारा यायचा की दात वाजायचे. भूगोलाचे गुरुजी फलाटावर हजेरी घेत होते. एकाचा पत्ता नव्हता. तो मफलर सांभाळत पळत आला तसे गुरुजी ओरडले, "काहून बे, गाडी गेली असती त पायदळ आला असता काय?" आणि लगेच स्वतःच्या पिशवीतला तिळाचा लाडू त्याच्या हातावर ठेवला. तो उपाशी निघाला असणार हे त्यांना न सांगता कळलं होतं.

मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, आणि गाडीला त्यासाठी चारेक तास लागायचे. वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीनं हा अरुंद रूळ टाकला. इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं. फाटक आलं की गाडी थांबायची, एक माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडून पुन्हा डब्यात चढायचा. तेवढ्या वेळात आम्ही शेजारच्या वावरातून तुरीच्या शेंगा तोडून आणायचो. हिरव्या शेंगांचा तो कच्चा वास अजून माझ्या बोटांना आहे. खिडकीत बसलो म्हणून कोळशाची ठिणगी उडून माझ्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला वाटाण्याएवढं भोक पडलं. आईनं ते रफू केलं, आणि तोच शर्ट घालून मी बोर्डाची परीक्षा दिली. १५ एप्रिल १९९४ ला ते वाफेचं इंजिन थांबलं, डिझेल आलं. माझी धाकटी बहीण डिझेलच्या गाडीनं गेली, तेव्हा मला तिच्याबद्दल हळहळ वाटली.

अंजनगावला पानमळे आणि पानपिंपरीचे मांडव दिसू लागले की गुरुजी उभे राहायचे. "लिहून घ्या. ३० डिसेंबर १८०३. शिंदे आणि इंग्रज. तह इथलाच." डब्याच्या हिंदकळण्यानं अक्षरं वेडीवाकडी यायची. ती वही मी ठेवली आहे.

पुढं उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ उमटली की अचलपूर जवळ आलं समजायचं. एकेकाळी हे साऱ्या वऱ्हाडाच्या राजधानीचं गाव, इमादशाहीचं. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत संपलेलं हे गाव आम्ही दिवसभर पायी फिरलो. दुल्हा दरवाज्याच्या गार सावलीत थांबलो, हौज कटोऱ्याचा मनोरा पाहिला, सापन नदीच्या काठी चुली मांडल्या.

रोडगे करायचं काम शाळेच्या शिपाईकाकांचं. जाडसर कणकेचे गोळे ते आतून तेल लावून घडी घालत, मग गोवऱ्यांच्या आरात पुरत. आम्ही गोल बसून पाहायचो. काही वेळानं काका एक गोळा काडीनं बाहेर ओढत, धोतराच्या सोग्यानं राख झटकत आणि दोन्ही तळहातांत दाबून फोडत. वाफ निघाली की म्हणत, "झाला पाहा." त्या फुटीत तूप ओतायचं, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. मी नंतर पुष्कळ ठिकाणी रोडगे खाल्ले, पण इतके चांगले कुठंच मिळाले नाहीत.

दहावी झाली, वर्ग पांगला. कुणी पुण्याला, कुणी नागपूरला, बरेचसे शेतीतच. पण पुढं आम्हीच ठरवलं की जानेवारीतला दुसरा रविवार अचलपूरचा, आणि तो आजवर पाळतो आहोत. गुरुजी आता नाहीत. शिपाईकाकांचा मुलगा गोवऱ्या घेऊन येतो, वडिलांसारखाच दोन तळहातांत दाबून रोडगा फोडतो. शकुंतला धावायची बंद झाल्यापासून आम्ही जीप करून जातो. मात्र निघायचं बनोसा स्टेशनावरूनच, फलाटावर हजेरी घेऊनच.

यंदाही हजेरी झाल्यावर सगळे जीपकडे वळले, तर वर्गातल्या दोघी जणी मागंच राहिल्या. दोन रुळांत अंतर अवघं अडीच फूट. शाळेत असताना दोघी एकेका रुळावर उभ्या राहून, एकमेकींचा हात धरून तोल सांभाळत सिग्नलपर्यंत जायच्या. रुळांत आता गवत माजलंय. एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिनं चप्पल काढली, पदर खोचला आणि दुसरीकडे हात केला. जीपवाला हॉर्न वाजवत होता. आम्ही त्याला थांब म्हणालो.