शाईच्या बाटलीआधीची निवडणूक

लंडनला लेकीकडे गेलो की पंधरा दिवस तिचे आणि एक दिवस माझा, असा आमचा करार आहे. यंदा माझ्या दिवशी होबर्न स्टेशनला उतरून लिंकन्स इन फील्ड्समधलं १३ नंबरचं घर गाठलं. हे सर जॉन सोन या वास्तुविशारदाचं घर, आता संग्रहालय. मागे सगळं आहे तसंच राहावं म्हणून या गृहस्थानं १८३३ साली चक्क पार्लमेंटकडून कायदा करून घेतला. तिकीट नाही, हे लेकीला आधी सांगितलं नव्हतं.

ती तळघरात इजिप्तच्या राजाच्या दगडी शवपेटीपाशी रमली, मी वर चित्रांच्या खोलीत. खोली कसली, वाड्यातलं माजघर म्हणा. पण भिंतींना बिजागऱ्या आहेत! तिथल्या बाईंनी कपाट उघडावं तशी भिंत उघडली, तर आतही चित्रं. एवढ्याशा जागेत शंभराहून जास्त.

मला ओढ होती अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याच्या चार निवडणूकचित्रांची. १७५४ साली ऑक्सफर्डशायरमध्ये व्हिग आणि टोरी या दोन पक्षांत जी लढत झाली, तिच्यावरून ती सुचलेली. नट गॅरिकच्या विधवेच्या मागे १८२३ मध्ये लिलाव झाला, तेव्हा सोननं ती घेतली.

मी जन्मभर मास्तरकी केली, म्हणजे इलेक्शन ड्युटी आलीच. त्यामुळे क्रम सोडून आधी तिसऱ्या चित्रापुढे उभा राहिलो: मतदान केंद्र. मरणाला टेकलेल्या माणसाला उचलून आणलंय. एका अर्धवट माणसाच्या कानात, पायात बेड्या असलेला कुणीतरी पढवतोय. आणि पुढे एक जुना सैनिक, लाकडी पायाचा. हाताच्या जागी आकडी, तीच बायबलवर ठेवून शपथ घेतोय. हात नाही तर शपथ कशी चालेल, म्हणून वकिलांची जुंपलीय! मला आमचं हँडबुक आठवलं. डाव्या हाताची तर्जनी नसेल तर शाई कुठल्या बोटाला, बोटंच नसतील तर कुठे, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ते पाठ करताना आम्ही हसायचो.

त्या काळी गुप्त मतदान नव्हतं, ते तिथं १८७२ साली आलं. मतदारानं सगळ्यांदेखत उमेदवाराचं नाव सांगायचं आणि कारकुनानं ते वहीत उतरवायचं. म्हणजे पैसे मोजणाऱ्याला माल पोचल्याची पक्की खात्री. आपल्याकडे बिचाऱ्यांना शपथा घालाव्या लागतात.

याच चित्राच्या कोपऱ्यात ब्रिटानियाची, म्हणजे त्यांच्या भारतमातेची, घोडागाडी मोडून पडलीय आणि गाडीवान पत्ते कुटतायत.

दुसऱ्या चित्रातला शेतकरी मला फार आवडला. दोन बाजूंना दोन पक्षांची माणसं, दोघांकडूनही लक्ष्मीदर्शन चाललंय, आणि हा मध्ये निर्विकार. असा माणूस कुठल्याही तालुक्यात सापडेल. चौथं चित्र विजयी मिरवणुकीचं. गुलाल सोडून सगळं आहे: हाणामारी, उधळलेली डुकरं आणि खुर्चीतून कोसळण्याच्या बेतात असलेला विजयी उमेदवार. पाहून गंमत वाटली, पण तिसऱ्यासारखं ते मनात रुतलं नाही.

पहिल्यापाशी शेवटी आलो. व्हिगांची जेवणावळ. मेयरसाहेब कालवं खाऊन खाऊन आडवे झालेत, वैद्य शीर कापून रक्त काढतोय, तरी हातातल्या काट्याला एक कालव आहेच. खिडकीतून आलेली वीट एका कार्यकर्त्याच्या टाळक्यात बसलीय. दंग्यातून पळवून आणलेल्या फलकावर ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ अशी मागणी. १७५२ साली इंग्रजांनी पंचांग बदललं आणि २ सप्टेंबरनंतर एकदम १४ तारीख उजाडली, त्यावरून.

या सगळ्या गोंधळात एकच माणूस लाच नाकारतोय, एक शिंपी. बायको मूठ उगारून त्याच्यावर करवादलीय आणि पोरगं फाटका बूट दाखवतंय.

तिथून मला हलवेना. एका निवडणुकीत आमच्या बूथवर दुपारी कार्यकर्ते वड्यांचं पुडकं घेऊन आले. पहाटेपासून कुणाच्या पोटात काही नव्हतं. मी केंद्राध्यक्ष, नियमाप्रमाणे परत पाठवलं. तेव्हा माझ्या तीनही पोलिंग ऑफिसरांनी मला ज्या नजरेनं पाहिलं होतं, ती नजर त्या शिंपिणीच्या चेहऱ्यावर हुबेहूब होती.