डॉक्टर मॅडमनी छातीवरून स्टेथोस्कोप उचललाच नाही

आज शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी आली होती. ० ते १८ वर्षांच्या पोरांची ही तपासणी २०१३ पासून फुकट होते.

नववीतल्या एका पोरीला मॅडमनी डाव्या कुशीवर झोपवून पुन्हा ऐकलं. मर्मर! म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमध्ये जास्तीचा आवाज. कापूस वेचताना तिला दम लागायचा, घरचे तिला कामचुकार म्हणायचे. लहानपणी घसा दुखून सांधे सुजले होते, हे आज विचारलं तेव्हा कळलं. अशा दुखण्यातून पुढे हृदयाची झडप खराब होऊ शकते. आता टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. झडप खराब निघाली तर दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं.

आई वावरातून तशीच आली, पदराला कापसाचे तंतू.

"सर, पोरीच्या लग्नाचं कसं होईन जी?"

"ताई, आधी इको. मी संगं येतो."

सोमवारी आम्ही यवतमाळला चाललोय.