चाचे, चाचा आणि टॅलीवाला नंबरपॅड

आमच्या इंदूरात पाणी म्हणजे काय, तर एक दिवसाआड येणारं नर्मदेचं नळाचं पाणी आणि रविवारी घरच्यांचा मूड असला तर सिरपूरचा तलाव. समुद्राशी आमचा काही संबंध नाही. तरीपण मला वयाच्या अकराव्या वर्षी टॉर्टुगा कुठं, कुरासाव कुठं, कार्टाहेनाहून हवानाला जायचं तर जहाज कुठून वळवायचं हे सगळं पाठ होतं, आणि कॅरिबियनमध्ये वारा पूर्वेकडून वाहतो म्हणून पश्चिमेला जाताना आपण सुसाट आणि परत येताना नागमोडी घेत घेत, रडतखडत, हेही. मग एका मे महिन्यात अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला मावशीकडे गेलो, दादरच्या चौपाटीवर आयुष्यात पहिल्यांदा खरा समुद्र बघितला आणि मी म्हणे पहिलं वाक्य हे बोललो की "इथला वारा उलटा आहे." मावशी अजून प्रत्येक लग्नात हे कोणाला ना कोणाला सांगते.

हे सगळं ज्ञान आलं समुद्री चाच्यांच्या गेममधून. आता इथं एक भाषेची गंमत आहे जी फक्त इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी पोरांना कळेल. घरात मराठी, गल्लीत हिंदी. पुस्तकात 'चाचे' वाचलं की आम्हाला आधी चाचाच दिसायचे, लुंगीवाले, पान खाणारे, तलवार घेऊन जहाजावर उभे. त्यात आमचा सीडीवाला, जेल रोडच्या एका बोळात टेबल टाकून बसायचा, त्याला सगळे चाचाच म्हणायचे. म्हणजे चाच्यांचे गेम आम्ही चाचाकडून आणायचो आणि तो जे विकायचा तीसुद्धा चाचेगिरीच होती. शंभर रुपयांत एक सीडी, सीडीत पन्नास गेम, त्यातले बावीस चालायचे.

बावीस आकड्यावरून आठवलं. 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' नावाचा १९९० चा गेम आहे, चाचा बनायला निघालेल्या एका वेंधळ्या पोराचा. त्यात जंगलात झाडाचा एक बुंधा आहे, त्यात डोकावलं की गेम म्हणतो बावीस नंबरची डिस्क घाला. आता चाचाच्या सीडीवर फ्लॉपीवालं व्हर्जन कॉपी केलेलं, आम्हाला काय माहीत, आम्हाला वाटलं चाचाने अर्धाच गेम दिला. मी आणि शेजारचा बंड्या सायकलवर डबलसीट जेल रोडला. "चाचा, बाईसवी डिस्क कहाँ है?" चाचाने एक सेकंदही विचार केला नाही. म्हणाला, "वो अगले हफ्ते आएगी, भिया." आम्ही चार हफ्ते गेलो! पाचव्यांदा त्याने ओळखीचं तोंड बघून आम्हाला एक क्रिकेटचा गेम फुकट दिला आणि विषय संपला. ती डिस्क जगात कुठेच नव्हती, तो गेम लिहिणाऱ्यांनी केलेला जोक होता, हे मला पस्तिशीत कळलं. आणि आम्हीच येडे होतो असंही नाही, तिकडे अमेरिकेत लोक कंपनीच्या मदतीच्या फोनवर हेच विचारायचे, इतके की पुढे सीडीच्या आवृत्तीतून तो जोकच काढून टाकला.

त्याच गेममध्ये तलवारबाजी टोमण्यांची आहे. म्हणजे समोरच्याने टोमणा मारला की त्याला चपखल उत्तर द्यायचं, जमलं तर तुमची सरशी, नाही जमलं तर मागे सरका. ही कल्पना कोण्या अमेरिकन माणसाला कशी सुचली कळत नाही कारण ती सरळ आमच्या रामबागेतल्या आत्याच्या स्वयंपाकघरातली आहे. आधी किरकोळ चाच्यांशी भिडून उत्तरं गोळा करायची आणि शेवटी तलवारबाजीच्या उस्ताद बाईंसमोर जायचं, तर बाई टोमणे सगळे नवेच मारतात, उत्तरं मात्र तीच जुनी, फक्त कुठलं कुठे बसतं ते ओळखायचं. आत्याचंही हेच. तिच्याकडे ठेवणीतली पंधरा-वीस उत्तरं आहेत, त्यावर तिने तीन जावा, दोन व्याही आणि एक नगरसेवक गप्प केलेले आहेत.

तर हे सगळं परत खेळावं असं या पावसाळ्यात डोक्यात आलं. लॅपटॉप नवा, सोळा जीबी रॅम, आणि १९९३ चा 'पायरट्स! गोल्ड' हा चाच्यांचाच गेम त्याला चालवता येईना. चढायलाच तयार नाही. कारण असं की ते जुने डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमचे, प्रोग्राम सोळा बिटांचे आणि हल्लीचं चौसष्ट बिटवालं विंडोज त्यांना ओळखच देत नाही, पणजोबा दारात उभे आणि पणतू म्हणतोय कौन चाहिए. २००० च्या आसपासच्या सीड्यांची तर अजून वेगळीच तऱ्हा. त्यातल्या बऱ्याच सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, कॉपी होऊ नये म्हणून, आणि विंडोज १० पासून त्या कुलपाचा ड्रायव्हरच चालू देत नाहीत, सुरक्षेच्या कारणाने. म्हणजे ज्याने तेव्हा इमानदारीत पैसे मोजून डबा घेतला तो आज कुलपाबाहेर उभा, आणि ज्याने चाचाकडून कुलूप फोडलेली घेतली तो आत बसून खेळतोय. अर्थात सीडी घालायला लॅपटॉपला जागाच नाहीये हे वेगळं.

यावर इलाज लोकांनी फार सुंदर काढलेत आणि मला खरं सांगायचं तर गेमपेक्षा त्यातच जास्त मजा आली. एक आहे डॉसबॉक्स. हा काय करतो, लॅपटॉपच्या आत अख्खा जुना कॉम्प्युटर खोटा खोटा उभा करतो, जुना प्रोसेसर, जुनं साउंड कार्ड, सगळं, जसं नाटकात रंगमंचावर पुठ्ठ्याचा वाडा उभा करतात आणि पात्रं येऊन खुशाल त्यात राहतात. बिचाऱ्या गेमला पत्ताच नाही की बाहेर २००० साल केव्हाच उलटून गेलंय. दुसरा स्कमव्हीएम, तो वाडाबिडा काही बांधत नाही. मंकी आयलंडसारखे गेम म्हणजे खरं तर एक पोथी असते, कोण कुठे उभा राहणार, काय बोलणार, दार कधी उघडणार, आणि ती वाचणारा मूळ प्रोग्राम वेगळा. स्कमव्हीएम म्हणजे नवा बुवा. पोथी तीच, ओळ न् ओळ तीच, फक्त वाचणारे बुवा आजचे, म्हणून विंडोजवर वाचतात, मॅकवर वाचतात, मोबाइलवरपण वाचतात.

डॉसबॉक्स लावला तर गेमने साउंडची सेटिंग विचारली. पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १. हात आपोआप चालले. पावकी-निमकी जशी बाबांना, तसं हे मला पाठ, आणि तितकंच निरुपयोगी. पुढचा घोळ स्पीडचा. जुन्या काही गेमांचं असं होतं की वेळ घड्याळावर न मोजता प्रोसेसरच्या वेगावर मोजायचे, त्यामुळे मशीन जितकं तेज तितका गेम पिसाळलेला. तेव्हा डब्यावर टर्बो नावाचं बटण असायचं, नाव टर्बो पण कामाला यायचं वेग कमी करायच्या. आता ते बटण नाही, तर कंट्रोल दाबून एफ ११ मारत बसायचं, प्रत्येक वेळी मशीन थोडं अजून हळू. मी रात्री साडेअकराला सत्तर हजारांचा लॅपटॉप मंद करत बसलेला, आणि बायको बघून म्हणाली, "हे तर ऑफिसचा लॅपटॉप आपोआप करतो की."

मग चित्र. जुनं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, पण ते ठिपके चौकोनी नव्हते, जरा उभट, जुन्या चौकटीच्या मॉनिटरसाठी केलेले. आजच्या आडव्या स्क्रीनवर ताणून लावलं की जमैकाचा गव्हर्नर पोळी लाटल्यासारखा पसरतो. त्यावरही एक ओळ आहे डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, अ‍ॅस्पेक्ट इक्वल टू ट्रू. लिहिली, आणि गव्हर्नर साहेब एकदम बारीक होऊन पूर्वपदावर.

एवढं करून शेवटी मी जास्त खेळलो तो २००४ चा नवा 'पायरट्स!'. नवा म्हणजे वीस वर्षं होऊन गेलेला. सिड मायर नावाच्या गेम बनवणाऱ्याने पहिला १९८७ मध्ये कमोडोर ६४ साठी केला होता, त्याचाच हा पुन्हा केलेला अवतार. हा मी चक्क विकत घेतला, जुने गेम ठाकठीक करून बिनकुलपाचे विकणारी पोलंडची एक साइट आहे, गॉग, तिथून. पैसे कापल्याचा मेसेज आला तेव्हा चाचाची आठवण आली.

आणि सुरू केला तर जहाज वळेना. कारण हा अख्खा गेम कीबोर्डच्या उजवीकडच्या नंबरपॅडवर, म्हणजे आकड्यांच्या बटणांवर चालतो. शिडं वाढवा, जहाज वळवा, तलवारबाजीतला वार, बचाव, उडी, खाली वाकणं, इतकंच काय गव्हर्नरच्या मुलीबरोबर नाचायचं तर पावलंसुद्धा नंबरपॅडवर. आणि माझ्या लॅपटॉपला नंबरपॅड नाही. बटणं बदलून घेता येतात, पण ते म्हणजे डाव्या हाताने वरण-भात. दोन दिवस तसं खेळलो, नाचताना तीनदा पडलो, मग गेलो जेल रोडला. बोळात आता सगळी मोबाइल कव्हरची दुकानं. एका ठिकाणी वेगळा यूएसबीवाला नंबरपॅड मिळाला. दुकानदाराने माझ्याकडे, माझ्या चष्म्याकडे बघितलं आणि विचारलं, "टॅली के लिए चाहिए?" म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी.

म्हटलं, "हाँ भिया, टॅली के लिए."

रविवारी सकाळी पोहे झाल्यावर टेबलावर मांडून बसलो. बाबा पेपर घेऊन मागे. बाबा बँकेतून कॅशियर म्हणून रिटायर झाले, आता सोसायटीचे हिशेब बघतात. थोड्या वेळाने पेपर खाली आला.

"हा चाचा का रे?"

"तसा चाचाच, पण याला इंग्लंडच्या राजाचा परवाना आहे. स्पेनची जहाजं लुटायचा."

"परवाना असला तर मग चाचा कसा? आणि आपल्या कान्होजी आंग्र्यांना मात्र हेच इंग्रज चाचे म्हणायचे." मग स्वतःच, जरा थांबून, "आपल्याकडचे होळकरांच्या फौजेबरोबरचे पेंढारी काय, तेही लुटायचेच की. फक्त घोड्यावरून."

तेवढ्यात स्पॅनिश कॅप्टनशी माझी गाठ पडली आणि मी हरायला लागलो. मी नंबरपॅडकडे बघून बोट ठेवतो, मग स्क्रीनकडे बघतो, तोवर वार बसलेला असतो. बाबा दोन मिनिटं बघत होते. मग म्हणाले, "अरे सरक. खाली बघतोयस कशाला?"

मी सरकलो. त्यांनी मधलं बोट पाचावर ठेवलं, त्या पाचावर जो बारीक उंचवटा असतो ना, तो चाचपला, आणि मग जे काही सुरू झालं ते मी बघतच राहिलो. तीस वर्षं ज्या माणसाने नोटांच्या बेरजा न बघता मारल्या, त्याला कुठलं बटण काय करतं एवढंच एकदा विचारायचं होतं. टक टक टक टक, पावसात पत्र्यावर वाजतं तसं. स्पॅनिश कॅप्टन मागे, मागे, कठड्यापाशी, आणि धपकन समुद्रात. बाबांचा चेहरा स्क्रीनच्या थोडा वर, काउंटरपलीकडे रांग उभी असल्यासारखा. सवयीने शेवटी एंटर दाबलं.

आई आतून ओरडली, "अहो, चहा गार होतोय."

मला वाटलं बाबांना आता लढायांचा नाद लागणार. पण त्यांनी मला खोदून खोदून भलतंच विचारलं. खलाशांना पैसे केव्हा मिळतात? सांगितलं की लूट वाटायची ती मोहीम संपल्यावर, सगळ्यांना एकदम, तोवर दिवस जातील तसे ते नाराज होत जातात, बंडावरसुद्धा येतात. "येणारच," बाबा म्हणाले, "तुम्ही महिनोन्महिने पगार करणार नाही." आणि कॅप्टन म्हातारा झाल्यावर? म्हटलं रिटायर होतो, मग जेवढं नाव-पैसा कमावला त्याप्रमाणे गव्हर्नर होतो नाहीतर भिकारी. यावर ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसला.

आता हल्ली असं आहे की नंबरपॅड त्यांच्याच खोलीत असतो. मी घरी असेन तेव्हा लॅपटॉप दुपारी अडीच ते चार त्यांचा. जवळ एक शंभर पानी वही असते, त्यात उभ्या रेघा मारून बंदरांची नावं देवनागरीत आणि पुढे भाव, साखर, मसाले, धान्य, तोफा. कोणावर स्वतःहून हल्ला करत नाहीत. कोणी अंगावर आलं तर लढतात, दोन मिनिटांत त्याला पाण्यात पाडतात, आणि परत वहीकडे. एका बंदरात साखर स्वस्त घ्यायची, दुसऱ्या बंदरात विकायची, सगळ्या देशांशी गोडीगुलाबी, कर्ज शून्य. चाच्यांच्या गेमचं त्यांनी सियागंज करून टाकलंय, आमच्या इंदूरचा ठोक बाजार.

काल आईने फोनवर आत्याला सांगितलं की हे दुपारचे झोपत नाहीत हल्ली. आत्याने विचारलं असणार की मग करतात काय, कारण आईने रिसीव्हरवर हात ठेवून आत विचारलं, आणि आतून बाबांचा आवाज आला, "वारा पडलाय म्हणावं. साखर घेऊन उभा आहे."